दाढेतलं गाव

जपानमध्ये नारा शहराच्या दक्षिणेला काशिहारा म्हणून एक गाव आहे. तिथे तीन बुटक्या टेकड्यांच्या मधोमध एक भलंमोठं मोकळं माळरान पडलेलं आहे. लोक तिथे कुत्री फिरवायला येतात, शरदात कॉसमॉसची फुलं पाहायला येतात. या गवताखाली एक अख्खी राजधानी झोपलेली आहे, हे न सांगता कुणाच्या ध्यानात येणार नाही.

तिचं नाव फुजिवारा. जपानात आधी कागदावर आखून मग जमिनीवर उतरवलेली ही पहिली राजधानी. चीनच्या जुन्या ग्रंथांत आदर्श नगर जसं सांगितलं होतं तसंच बांधायचं, असा राजदरबाराचा हट्ट होता. म्हणून रस्ते दोरी धरून काढल्यासारखे सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे, आणि बरोब्बर मध्यभागी राजवाडा. महालांचे खांब उत्तरेकडच्या ओमी प्रांतातल्या डोंगरांतून तोडून आणले, नद्यांमधून वाहवत आणले. एवढा खटाटोप करून वसवलेलं शहर सोळा वर्षांत सोडून दिलं. खांब उपटले, कौलं उतरवली आणि उत्तरेला नारामध्ये नवी राजधानी उभी केली. का सोडलं, यावर विद्वान अजून भांडतात. कुणी म्हणतं, जमिनीचा उतार चुकला आणि सगळ्या शहराची घाण राजवाड्याकडे वाहू लागली. कुणी आणखी काही म्हणतं.

तिथल्या उत्खननावर काम करणाऱ्या डॉ. कावेरी सानपला या भांडणात रस नव्हता. तिचा प्रश्न साधा होता. हे शहर बांधलं कुणी?

बांधणारे लोक प्रांताप्रांतांतून वेठीला धरून आणलेले होते, एवढं इतिहासाला माहीत होतं. त्यांतले कितीतरी परत जाताना वाटेतच उपाशी मेले, हेही. पण त्यांची नावं कुठे नव्हती. मग एका वर्षी जुन्या हमरस्त्याच्या कडेला, ओल्या चिकणमातीत एक खड्डा सापडला. तिथल्या आंबट मातीने हाडं केव्हाच खाऊन टाकली होती. उरले होते ते फक्त दात. टोपलीभर दात.

बीड जिल्ह्यातल्या कुंभारदऱ्याच्या ऊसतोड मजुरांची ही मुलगी शिष्यवृत्तीवर जपानला आली होती आणि तिथेच रमली होती. त्या दातांसाठी तिने एक यंत्र बनवलं. त्यामागचं विज्ञान जुनंच होतं. खडकाखडकात स्ट्रॉन्शियम नावाच्या धातूचं प्रमाण आणि प्रकार वेगळा असतो. खडकातून तो मातीत जातो, मातीतून धान्यात, धान्यातून माणसात. दाढेचं वरचं पांढरं कवच लहानपणी एकदाच तयार होतं आणि मरेपर्यंत बदलत नाही. म्हणजे लहानपणी कुठल्या मातीतलं अन्न खाल्लं, याची खूण माणूस जन्मभर तोंडात वागवतो. पूर्वी ती खूण वाचायला प्रयोगशाळा लागायची, महिने लागायचे. कावेरीचं यंत्र हातात मावत होतं. त्याचा लेसर दाढेला नुसता टेकवला की तिच्या कवचाची सरासरी मोजून पडद्यावर नकाशा उजळायचा. प्रांत नव्हे, थेट खोरं सांगायचं.

खड्ड्यातल्या दातांना गावं मिळू लागली. हा शिनानोचा, तो ओवारीचा, ही बाई किनाऱ्यावरची. त्या त्या गावांतून लोक येऊ लागले. म्हातारी माणसं गुडघ्यांवर बसून लाकडी पेटीतला एकेक दात घ्यायची आणि तेराशे वर्षांनी आपला माणूस घरी न्यायची. इगा प्रांतातल्या एका डोंगरी गावाने दहा-अकरा वर्षांच्या एका पोराच्या दातासाठी दगडाचं छोटं स्मारक बांधलं. कावेरीचे गुरू प्रोफेसर मोरिवाकी कमी बोलणारे. त्या समारंभाहून परतताना गाडीत ते म्हणाले, "सानप-सान, विज्ञानामुळे माणसं रडताना मी पुष्कळ वेळा पाहिलीत. समाधानाने रडताना आज पाहिली."

कावेरीने हे सगळं फोनवर अंकुशदादाला सांगितलं. दादा तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. आईवडील दर दिवाळीनंतर कोयते घेऊन कर्नाटकात ऊस तोडायला जायचे, ते थेट उन्हाळ्यात परतायचे. जाताना दादाला बरोबर न्यायचे, कारण पाचट गोळा करायला, उसाच्या शेंड्यांचं वाढं बांधायला हात लागायचे. कावेरीला गावात आत्याकडे ठेवायचे. ती शाळेत गेली, तो फडात गेला. पुढे आईवडील गेल्यावर चार एकर कोरडवाहू त्यानेच राखली आणि बहिणीला शिकवलं.

"म्हंजी मेलेल्याला त्याचं गाव घावतंय तुझ्या मशिनीनं?" दादा हसून म्हणाला. "लई भारी काम केलंस माय."

दुसऱ्या वर्षी महाराष्ट्रातून एक शिष्टमंडळ काशिहाराला आलं. मराठवाड्यात नवं प्रशासकीय शहर उभं राहणार होतं. नाव ठरलं होतं नवप्रस्थ. तेही आखीव, चौकोनी, मध्यभागी सचिवालय असलेलं. शिष्टमंडळाचे प्रमुख होते नवप्रस्थ प्राधिकरणाचे सहआयुक्त चित्रे, पन्नाशीचे, वाचन असलेले, गोड बोलणारे गृहस्थ. गवतातून फिरत त्यांनी फुजिवाराचे रस्ते समजून घेतले. आणि मग खरा मुद्दा काढला.

"मॅडम, आमच्या शहरात तुमचं कुंभारदरा येतंय. आणखीही बरीच गावं. जमीन गेलेल्या भूमिपुत्रांना पक्की घरं द्यायचीत. पण बातमी फुटल्यापासून खोटे रहिवासी दाखले एवढे निघालेत, की गावात माणसं कमी आणि दाखले जास्त. खरा माणूस बाहेर राहील अशी भीती आहे. तुमचं यंत्र आम्हाला वापरू द्या."

कावेरीला हे मनापासून पटलं. दाखल्यांचा बाजार तिने लहानपणी पाहिला होता. तिने होकार दिला.

भूमिपूजनाला तिला मानाने बोलावलं. मंत्र्यांसमोर, हजारो लोकांसमोर तिने आपल्याच दाढेला यंत्र टेकवलं. मोठ्या पडद्यावर महाराष्ट्र आला, मग बीड जिल्हा आला, मग मांजरा नदीच्या वरच्या अंगाचं एक खोरं उजळलं. कुंभारदरा! मंडपात शिट्ट्या पडल्या. पहिल्या रांगेत अंकुशदादा नवा फेटा बांधून बसला होता. त्याने डोळे पुसलेले तिला व्यासपीठावरून दिसले.

काशिहाराला परतल्यावर तिने मागे पडलेलं एक काम हाती घेतलं. काही दातांचा अगदी बारीक अभ्यास करायचा होता. त्यासाठी दात उभा कापावा लागतो. झाडाच्या बुंध्यात जशी वर्षांची वलयं दिसतात तसे दाढेच्या कवचात थर असतात. हातातलं यंत्र सगळ्या थरांची मिळून एकच सरासरी काढतं. कापलेल्या दातावर लेसर थराथराने फिरवला, की मोसमामोसमाची गोष्ट वेगळी वाचता येते.

तिने इगाच्या त्या पोराचा उरलेला दुसरा दात कापला. पडद्यावर आलेख आला आणि ती खुर्चीत मागे टेकली. दातात पट्टे होते. एक पट्टा ओमीच्या डोंगरांचा, पुढचा फुजिवाराच्या मैदानाचा, पुन्हा ओमी, पुन्हा फुजिवारा. पोरगं लाकूडतोड्यांचं होतं. आईबाप खांब तोडायला डोंगरात जायचे, लाकडांबरोबर राजधानीत यायचे, आणि ते त्यांच्याबरोबर फिरायचं. दोन मातींची सरासरी तिसऱ्याच मातीशी जुळत होती. इगाचा आकडा त्या दोघांच्या मध्ये पडत होता, एवढंच. त्या पोराने इगाचं पाणीसुद्धा प्यायलं नसेल.

कावेरीच्या डोळ्यांपुढे मात्र आईबापांबरोबर फडात जाणारा अंकुशदादा आला, कारण कुंभारदऱ्यातही हेच सरासरीचं यंत्र चालणार होतं.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"कावेरे, गावात दातमशीन आलंय. रामकिसनाची तपासणी झाली. मशीन म्हणतंय, तू विजापूर जिल्ह्यातला. त्यानं गोलघुमट बी बघितलेला न्हाई गं. त्याचं नाव काटलं यादीतनं."

रामकिसन म्हणजे शेजारच्या घरातला, दादाच्याच ऊसतोड टोळीत वाढलेला.

"तो लहानपणी कर्नाटकात यायचा ना तुमच्याबरोबर?"

"आम्ही समदेच जायचो. गोकाकच्या अंगाला. सहा महिनं तिकडं, सहा महिनं हिकडं." मग दादाने विचारलं, "माझी दाढ काय म्हणंल?"

कावेरीला उत्तर माहीत होतं. गोकाककडचा खडक जुना, वेगळा. बीडचा काळा बसाल्ट. दोन्ही अर्धे अर्धे मिसळले की नकाशात विजापूर उजळणार. "दादा, तू तपासणीला जाऊ नकोस," ती म्हणाली. "मी त्यांना लिहिते. चूक यंत्राच्या वापरात आहे. ते थांबवतील. तू फक्त थांब."

तिने चित्र्यांना सविस्तर लिहिलं. उत्तर नम्र होतं. आपण उपस्थित केलेला मुद्दा अभ्यासपूर्ण आहे, समितीपुढे ठेवू. जिवंत माणसाच्या दातात असे पट्टे असतात याचा पुरावा मात्र द्यावा, कारण जपानमधला तेराशे वर्षांपूर्वीचा दात आमच्या नियमात बसत नाही. तोवर तपासणी सुरू राहील.

जिवंत माणसाची दाढ कापायची कशी? कावेरी महिनाभर अर्ज-विनंत्या करत राहिली. शेवटी रजा टाकून ती निघाली.

ती पोचली तेव्हा कुंभारदऱ्याचं निम्मं गाव जमीनदोस्त झालं होतं. दादा मात्र नव्या वसाहतीत होता. पिवळ्या रंगाच्या एकसारख्या घरांच्या रांगेत त्याचं घर होतं, दारावर पाटी होती: अंकुश बाजीराव सानप, भूमिपुत्र. कावेरी आनंदाने आत शिरली आणि जागीच थांबली. दादाचे गाल आत गेले होते. शेहेचाळीस वर्षांचा माणूस साठीचा दिसत होता. रेखावहिनीने त्याच्यापुढे दुधात कुस्करलेली भाकरी ठेवली होती.

"दादा, हे काय?"

"ज्याला दाढाच न्हाईत त्याचे जुने कागद चालतात." तो शांतपणे म्हणाला. उच्चार पसरट झाले होते. "नियमच हाय तसा. म्हाताऱ्यांसाठी केलाय. मग काढून टाकल्या समद्या. तालुक्याला एक डॉक्टर हाय, रांग लागती त्याच्याकडं. माझा सातबारा हाय, बापाचं नाव हाय. लगेच घर दिलं."

"मी थांब म्हणाले होते ना!"

"तारीख आली व्हती. तुझं काय उत्तर येईना. एकदा मशीन लावलं असतं म्हंजी मी कायमचा विजापूरवाला झालो असतो. पोरीचं लग्न करायचंय, कावेरे. कुठल्या दारात मांडव घालू?"

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली आणि एक स्टीलची डबी घेऊन आली. "ह्यांनी फेकून दी म्हणलं व्हतं. मला टाकवंना. देहाचाच तुकडा." डबीत कापसावर दाढा ठेवल्या होत्या, पिवळसर, मुळांशी काळपट रक्त सुकलेलं.

"मी एखादी घेऊन जाऊ?" कावेरीने विचारलं.

"समद्या ने," दादा म्हणाला. "मला काय चावायच्यात आता?"

काशिहाराला तिने दादाची पहिली दाढ कापली. एवढा स्वच्छ आलेख तिने कधी पाहिला नव्हता. गोकाक, कुंभारदरा, गोकाक, कुंभारदरा. दर उन्हाळ्याला आणि पावसाळ्याला तोच काळा बसाल्ट, तीच मातीतली ज्वारी. पट्टा ओळीने येत होता, एकदाही चुकला नव्हता. आईबाप त्याला दर वर्षी गावाला परत घेऊन आले होते आणि दाढेने ते सगळं जपून ठेवलं होतं. माणूस कुंभारदऱ्याचा आहे याचा याहून पक्का पुरावा जगात नव्हता. तो मिळवायला दाढ काढावी लागली, एवढंच.

तिने आलेख मोरिवाकींना दाखवला. त्यांनी तो निरखून पाहिला. मग म्हणाले, "मी काल इगाला जाऊन आलो. त्या मुलाबद्दल खरं काय ते सांगितलं, माफी मागितली. स्मारक काढावं लागेल म्हटलं."

"मग?"

"त्यांनी चहा दिला. आपसांत बोलले. मग सरपंचबाई म्हणाल्या, राहू द्या. ज्याला कुठलंच गाव सापडत नाही, त्याला आमचं असू द्या." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही हा आलेख घेऊन तिकडे जाणार?"

"घर मिळालंय त्याला. हे दाखवलं तर विचारतील, दाढ कुणाची. नाव सांगितलं की त्याने तपासणी चुकवल्याचं उघड होईल, घर जाईल."

"आणि नाही दाखवलं तर?"

नाही दाखवलं तर रामकिसन विजापूरचा राहणार होता. त्याच्यासारखी शेकडो घरं. तालुक्याच्या त्या डॉक्टरापुढची रांग वाढत जाणार होती. आणि या सगळ्याच्या खाली नाव कावेरीचं होतं. प्राधिकरणाने गावोगाव लावलेल्या फलकांवर फोटोही तिचाच होता, यंत्र हातात धरून हसणारा.

सुनावणी प्राधिकरणाच्या नव्या इमारतीत झाली. खिडकीतून सरळ सरळ रस्ते दिसत होते, कडेला रोपं लावलेली. कावेरीने नीट समजावून सांगितलं. समितीतले दोन तज्ज्ञ मान डोलावत होते. आलेख पाहून एकजण पुढे सरकून बसला. चित्र्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पटतंय मॅडम," ते म्हणाले. "खरंच पटतंय. पण ही दाढ इथल्याच माणसाची आहे, हे समितीला कळायला हवं. कुणाची आहे?"

"दात्याचं नाव गुप्त ठेवायचा संकेत असतो."

"संशोधनात असतो. हा पुरावा आहे. नाव नसेल तर हा आलेख कुणाचाही असू शकतो. मला तो फेटाळावा लागेल आणि आजच्या यादीवर सही करावी लागेल." त्यांनी समोरची फाइल किंचित पुढे सरकवली. त्यांच्या आवाजात धमकी नव्हती, आणि म्हणूनच पळवाटही नव्हती. "पुढची बैठक तीन महिन्यांनी. तोवर पाडकाम पूर्ण झालेलं असेल."

बाहेर व्हरांड्यात रामकिसन, त्याची बायको आणि आणखी कितीतरी माणसं उकिडवी बसली होती. दादा त्यांत नव्हता. त्याला सुनावणीचं कावेरीने सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता, मग तिला हे करता आलं नसतं. ती विमानात हाच हिशेब करत आली होती.

"अंकुश बाजीराव सानप," ती म्हणाली. "कुंभारदरा. माझा सख्खा भाऊ."

लिहून घेणाऱ्या मुलीचं बोट क्षणभर थबकलं आणि पुन्हा चालू लागलं.

निर्णय लवकर लागला आणि तो अगदी न्याय्य होता. सरासरी काढणारं यंत्र बंद झालं. त्याऐवजी दाढेचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढून थराथराने वाचायची पद्धत आली. दादाच्या उरलेल्या दाढांवर प्रयोग करून ती कावेरीनेच शोधली आणि सुचवली होती. रामकिसन पात्र ठरला. त्याच्यासारखी बहुतेक घरं पात्र ठरली. वर्तमानपत्रांनी कावेरीचं कौतुक केलं.

निर्णयात शेवटी एक कलम होतं. तपासणी टाळण्यासाठी ज्यांनी जाणूनबुजून दात काढले त्यांनी शासनाची फसवणूक केली आहे, सबब त्यांचं वाटप रद्द. काढलेले दात ग्राह्य नाहीत, कारण त्यांची विक्री होऊ शकते. कावेरीने चित्र्यांकडे धाव घेतली. "सर, त्याच्याच दाढेवर तुम्ही सगळा निर्णय दिलात!"

"शास्त्रासाठी ती ग्राह्य आहे," चित्रे म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. "वाटपासाठी नाही. एकाला सूट दिली तर त्या डॉक्टरच्या सगळ्या पेशंटांना द्यावी लागेल. त्यांत खोटे किती, ते आता कुणाला कळणार? कळायला दाढा हव्यात ना."

ती वसाहतीत पोचली तेव्हा दारात टेम्पो उभा होता. पाटी निघाली होती, तिच्या जागी भिंतीवर पिवळ्याहून गडद चौकोन उरला होता. दादा दोरी आवळत होता. भाची गाठोडी वर देत होती. तिने कावेरीकडे पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

"कुठं चाललास?"

"गोकाकला. कारखान्यावर मुकादमाची वळख हाय. खोली देतो म्हणला."

"दादा, मी कोर्टात जाईन. डीएनए जुळवून दाखवीन. ती दाढ तुझीच आहे हे सिद्ध करायला एक दिवस..."

"कर की." त्याने गाठ मारली, ओढून पाहिली. "तू करशील. तुला येतंय."

"माझ्यावर रागव तरी."

"कशाला? तू खरं बोललीस. रामकिसनाला घर भेटलं, चांगलं झालं. त्याची पोरं माझ्या अंगाखांद्यावर वाढलेली." तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळला. खपाटीला गेलेल्या गालांमुळे तो थेट वडिलांसारखा दिसत होता. "फकस्त एक हाय. मला इचारलं असतंस तर मी हो म्हणलो असतो. मीच आलो असतो संगं, उभा राहून सांगितलं असतं, माझी दाढ हाय म्हणून. तू इचारलंच न्हाईस. तुला वाटलं, घरासाठी मी गप बस म्हणंन."

कावेरीने खाली राहिलेलं शेवटचं गाठोडं उचलून त्याच्याकडे दिलं.

"येवढी मशीन काढलीस तू," दादा म्हणाला. "जाऊ दी."

तो वर चढून बसला. वहिनीने जाता जाता तिच्या दंडाला हात लावला आणि लगेच काढून घेतला. टेम्पो त्या सरळ, रुंद, रिकाम्या रस्त्याने गेला. रस्ता इतका सरळ होता की टेम्पो दिसेनासा व्हायला फार वेळ लागला.

शेजारच्या घराचं दार उघडलं. रामकिसनची बायको बाहेर आली, डोक्यावरचा पदर सावरत. दाराला झेंडूचं ताजं तोरण होतं, आत कुणीतरी नवीन भांडी लावत होतं.

"ताई, उन्हात का उभ्या?" ती म्हणाली. "या की घरात. च्या टाकलाय. आज हे घर दिसतंय ते तुमच्यामुळंच."

कावेरी चपला काढून आत गेली.